आधी कोणाकडे?

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील एक रात्र आहे. नाशिकच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलेले होते, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गोदावरी चढल्याचे रात्रपाळीला येणारा प्रत्येक जण सांगत होता, आणि आमच्या स्त्री वैद्यकीय कक्षात ३४ रुग्ण होते. त्यांच्यासाठी आम्ही दोघी परिचारिका होतो. एक मी आणि दुसरी रुजू होऊन जेमतेम दोन महिने झालेली मुलगी. शिवाय एक मावशी. पहाटे सव्वाचारच्या सुमारास एकाच वेळी चहूकडून हाका आल्या. नऊ नंबरच्या खाटेवरील बाईंचे सलाईन संपून नळीत रक्त चढले होते आणि त्यांची मुलगी सारा वॉर्ड जागा होईल अशा आवाजात ओरडत होती. एकवीस नंबरच्या आजींना बेडपॅन हवे होते. चौदा नंबरच्या मधुमेही बाई घामाने ओल्याचिंब झाल्याचे शेजारच्या खाटेवरील रुग्णाने येऊन सांगितले. तीन नंबरच्या रुग्णासाठी एका वजनदार माणसाचा फोन आला होता आणि चादर अजून का बदलली नाही, अशी विचारणा होती. दाराजवळच्या खाटेवर मात्र शांतता होती. पेठ तालुक्यातील एका पाड्यावरून सावळ घाट ओलांडून आणलेली आणि पोटदुखी व उलट्या म्हणून तासाभरापूर्वी दाखल झालेली सव्वीस वर्षांची ती बाई काहीच म्हणत नव्हती.

नव्या मुलीने मला विचारले, “मॅडम, आधी कोणाकडे जाऊ?”

या प्रश्नाविषयी मला लिहायचे आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात कामाचा अग्रक्रम, दुसऱ्याकडे काम सोपवणे आणि व्यावसायिक नीती ही तीन वेगवेगळी प्रकरणे असतात आणि परीक्षेत त्यांवर वेगवेगळे प्रश्न येतात. इतकी वर्षे वॉर्डात काढल्यावर मला ती तिन्ही एकाच प्रश्नाची रूपे वाटतात, आणि तो प्रश्न असा की आत्ता कोणाला थांबायला सांगायचे. एका खाटेकडे पाऊल टाकले की उरलेल्या तेहतीस खाटांना मी त्या क्षणापुरते थांबवलेले असते. ज्याच्याकडे गेले त्याची नोंद केसपेपरवर होते. ज्याला थांबवले त्याची नोंद कुठेच होत नाही.

त्या पहाटे मी मावशींना बेडपॅन घेऊन आजींकडे पाठवले. नव्या मुलीला सांगितले की जाता जाता नऊ नंबरची नळी बंद कर, तिथे बोलत थांबू नकोस, थेट चौदा नंबरला जाऊन शुगर तपास आणि आकडा मला मोठ्याने सांग. फोनला उत्तर दिले नाही. मी स्वतः दाराजवळच्या खाटेकडे गेले.

का गेले, हे नंतर त्या मुलीने मला विचारले आणि तेव्हा मलाही ते शब्दांत मांडायला वेळ लागला. दहा मिनिटांपूर्वी मी त्या खाटेवरून गेले होते. तेव्हा ती बाई कण्हत होती, सासूचा हात धरून होती. आता कण्हणे थांबले होते, पण तिला बरे वाटल्याची कोणतीही खूण नव्हती. मी तिला हाक मारली. तिने डोळे उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर चढल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. “ताई, मान उचला बरं,” असे म्हटल्यावर तिचे डोके उशीवरून बोटभरही वर आले नाही. मी तिला एका श्वासात एकपासून आकडे मोजायला सांगितले. नाकातून आल्यासारख्या आवाजात ती नऊपर्यंत पोहोचली आणि थांबली. सासूला विचारले तेव्हा कळले की आवणीचे दिवस असल्याने सारे घर थकून जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते, साप कोणी पाहिला नव्हता, अंगावर कुठे खूण नव्हती.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूल या पट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांबरोबर ज्यांनी पावसाळे काढले आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. मण्यार बहुधा रात्री आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना जवळजवळ नसतात, सूज नसते, दातांची खूण अनेकदा सापडतही नाही. काही तासांनी पोटात दुखू लागते, उलट्या होतात, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी अशा दंशात बहुधा बिघडत नाही, म्हणून ती ठीक आली तरी निश्चिंत होता येत नाही. सर्वांत कठीण गोष्ट ही की रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला भोवतालचे सगळे ऐकू येत असते, फक्त हाक मारण्याएवढी ताकद त्याच्यात उरलेली नसते.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सांगितले: “दाराजवळच्या खाटेवरची पेठची रुग्ण, पोटदुखी म्हणून तासाभरापूर्वी आलेली. आता दोन्ही पापण्या उतरल्या आहेत, मान उचलता येत नाही, एका श्वासात नऊच आकडे मोजते आहे. श्वसन २८, ऑक्सिजन ९३. जमिनीवर झोपली होती. मला मण्यारचा संशय आहे. तुम्ही आत्ताच या, मी श्वास देण्याची अँबू पिशवी आणि प्रतिविष काढून ठेवते.” परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचे अनुमान आणि मागणी या क्रमाने बोलण्याची ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतील आहे आणि तिथून ती रुग्णालयांत आली. तिच्यातील तिसरी पायरी आपल्याकडच्या मुलींना फार जड जाते. “मला असे वाटते” हे डॉक्टरांना सांगणे म्हणजे मर्यादा ओलांडणे, असे त्यांना कुठेतरी शिकवले गेलेले असते. निदान ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, हे मान्यच आहे. पण रात्रभर त्या खाटेवर नजर माझी असते, आणि तिने जे पाहिले त्याचा अर्थ मला काय लागतो हे न सांगणे मला अर्धवट काम वाटते.

पलीकडून नव्या मुलीचा आवाज आला, “अठ्ठेचाळीस!” चौदा नंबरच्या बाई शुद्धीवर होत्या आणि गिळू शकत होत्या, त्यामुळे तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायला मी सांगितले. पेठच्या त्या बाईंना प्रतिविषाच्या दहा कुप्या लागल्या, चार दिवस त्या व्हेंटिलेटरवर होत्या आणि अकराव्या दिवशी चालत घरी गेल्या.

गोष्ट इथे संपवली तर ती चुकीची होईल. नऊ नंबरच्या बाईंच्या सुईत रक्त गोठले. ती काढून दुसऱ्या हाताला नवी सुई लावावी लागली. त्यांच्या शिरा आधीच नाजूक होत्या आणि तिसऱ्या प्रयत्नात जमले. माझ्या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली. त्यांच्या मुलीने सकाळी माझी तक्रार केली आणि तिचे म्हणणे खरे होते: नळी बंद केल्यानंतर तिच्या आईकडे पाऊण तास कोणी आले नव्हते. मी त्या दोघींपाशी बसले, काय घडत होते ते रुग्णाचे नाव न घेता सांगितले आणि माफी मागितली. निर्णय बरोबर होता म्हणून माफी मागायचे कारण उरत नाही, असे मला वाटत नाही.

आधी श्वसनमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतो. तो उपयोगी आहेच. पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोणाचाच श्वास थांबलेला नसतो. सगळे थोडे थोडे आजारी असतात आणि त्यातील एक जण हळूहळू घसरत असतो. त्याला ओळखण्याचे माझे साधन एकच आहे: मघाशी कसा होता आणि आता कसा आहे, यातला फरक. दिवसभर १६० रक्तदाब असलेल्या बाईंचा १६० हा आकडा मला धावायला लावत नाही, पण त्याच बाईंचा दाब ११० झाला तर मी हातातले काम टाकते, जरी तो आकडा एखाद्या निरोगी माणसाचा असला तरी. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये श्वसन, ऑक्सिजन, तापमान, रक्तदाब, नाडी आणि शुद्धी यांना गुण देऊन धोक्याची पूर्वसूचना देणारी जी पद्धत आणली, तिच्यामागचा विचार हाच आहे की माणूस एकाएकी कोसळत नाही, त्याआधी त्याचे शरीर काही काळ सांगत असते.

या सहांपैकी जी खूण बहुधा सर्वांत आधी बदलते, तीच आपण सर्वांत निष्काळजीपणे नोंदवतो, हे मला दुःखाने लिहावे लागते. तक्ता उघडून पाहावा. अख्ख्या वॉर्डाचे श्वसन २० किंवा २२ लिहिलेले असते. पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत उभे राहायला वेळ नसतो, म्हणून शेजारचा आकडा उतरवला जातो. मीही उतरवला आहे. आता नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात दुसरे काही शिकवत नाही. नाडी मोजून झाल्यावर हात तसाच मनगटावर ठेवायचा, म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही, आणि मग घड्याळ लावून साठ सेकंद मोजायचे.

तीन नंबरच्या त्या फोनबद्दलही सांगायला हवे. चादर सकाळी सात वाजता बदलली गेली आणि मला त्याबद्दल खुलासा द्यावा लागला. रणांगणावरील जखमींना हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार आधी उपचार देण्याची रीत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक लारे यांनी घालून दिली, आणि आज आपत्तीच्या वेळी लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा पट्ट्या बांधून केली जाणारी वर्गवारी त्याच विचाराची वंशज आहे. सिंहस्थ जवळ येत असल्यामुळे नाशिकमध्ये या वर्गवारीची चर्चा पुन्हा होईल. तिथेही पहिला धडा हाच असतो की जो स्वतः चालत येऊन ओरडू शकतो, त्याचा श्वास चालू आहे, त्यामुळे तो थांबू शकतो. आपल्याकडे म्हणतात की बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते. वॉर्डात मला रोज या म्हणीच्या विरुद्ध वागावे लागते. ज्या रुग्णाला नातेवाईक नाही, ज्याला आपली भाषा नीट येत नाही, जो पाड्यावरून आल्यामुळे सिस्टरला हाक मारायलाच बिचकतो, त्याच्या वाट्याचे ओरडणे कोणीतरी केले पाहिजे, आणि त्या खोलीत ते करायला माझ्याशिवाय दुसरे कोणी नसते.

आता काम सोपवण्याविषयी. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी पाच कसोट्या सांगितल्या आहेत: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख. मी त्या शिकले होते, लिहून गुणही मिळवले होते, आणि तरीही २००८ मध्ये दुसऱ्या एका रुग्णालयात माझ्या हातून जे घडले ते घडले.

पक्षाघाताचा झटका येऊन दोन दिवस झालेले एक गृहस्थ बारा नंबरच्या खाटेवर होते. दुपारची जेवणे चालू होती, मी औषधांचा ट्रे घेऊन निघाले होते आणि समोर एक प्रशिक्षणार्थी मुलगी रिकामी उभी दिसली. चालता चालता मी म्हणाले, “बारा नंबरच्या काकांना पेज भरव.” एवढेच. त्या मुलीने मनापासून सांगितलेले काम केले. काका आडवे होते, तिने मान थोडी उचलून चमचा तोंडात घातला. तिसऱ्या की चौथ्या चमच्याला ते खोकले, मग खोकणेही थांबले आणि ओठ निळे पडू लागले. मी धावत आले तेव्हा तिच्या हातात वाटी तशीच होती आणि ती थरथरत होती. सक्शन केले, ऑक्सिजन लावला, काका वाचले. पण पेज फुप्फुसात गेल्यामुळे न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस त्यांना अतिदक्षता विभागात काढावे लागले.

त्यांचा आवाज सकाळपासून ओलसर, घोगरा येत होता. ते मी ऐकले होते आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता. त्यांना गिळता येते की नाही, हे कोणी तपासलेले नव्हते, आणि तेही मला ठाऊक होते. त्या मुलीला यातले काहीच माहीत नव्हते. पाचही कसोट्यांवर मी चुकले होते.

संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरांनी विचारले, “कोणी भरवलं?” ती मुलगी माझ्या बाजूला उभी होती. उत्तर द्यायला मी जितका वेळ लावला, तो फार तर तीन-चार सेकंदांचा असेल, पण तो मला आजही आठवतो, कारण त्या सेकंदांत गप्प राहण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. मग मी म्हणाले, “मी सांगितलं होतं. गिळण्याची तपासणी न करता सांगितलं.” काम दुसऱ्याच्या हाती देता येते, पण त्याचा जाब आपल्याकडेच राहतो, हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि त्या टेबलासमोर उभे राहून उच्चारणे यांत फार अंतर आहे.

तेव्हापासून माझ्या सूचना लांब झाल्या आहेत. गिळण्याची तपासणी मी स्वतः करते: रुग्णाला पूर्ण बसवून आधी चमचाभर पाणी, मग “आ” म्हणायला लावून आवाज ऐकणे, मग पुन्हा पाणी. ते ठीक असेल तरच भरवण्याचे काम दुसऱ्याकडे जाते, आणि जाताना असे सांगते: “आजींना उशा लावून ताठ बसव, चमचा लहान घे, उजव्या गालात घास साठतो का बघ, खोकला आला किंवा आवाज घोगरा झाला की वाटी खाली ठेव आणि मला हाक मार, मी दोन खाटा पलीकडेच आहे.” शेवटचे वाक्य मी कधीही गाळत नाही. हाक मारण्याची परवानगी आधीच दिलेली नसेल, तर नवखे माणूस रागावले जाण्याच्या भीतीने हाक मारायला उशीर करते.

काय सोपवता येते आणि काय येत नाही, याचे आमच्या भागातले दुसरे उदाहरण कीटकनाशकाच्या विषबाधेचे आहे. निफाड, दिंडोरीकडून द्राक्षबागांच्या हंगामात असे रुग्ण येतात: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर. त्यांना अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू असते आणि ते किती द्यायचे हे दर काही मिनिटांनी पाहावे लागते. नाडी मोजणे, लाळ पुसणे, बाहुल्यांचा आकार लिहून ठेवणे हे मी प्रशिक्षणार्थीला सांगू शकते आणि सांगतेही. पण छातीला स्टेथोस्कोप लावून घरघर खरोखर गेली आहे की नाही, नाडी वाढली ती औषधाने की तापाने, रुग्ण बडबडतो आहे तो विषाने की जास्त झालेल्या अ‍ॅट्रोपिनने, हे ठरवून डॉक्टरांना कळवणे माझ्याकडेच राहते. मोजणे देता येते, अर्थ लावणे देता येत नाही, अशी रेघ मी स्वतःपुरती आखून घेतली आहे.

नातेवाईकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे नातेवाईक हा वॉर्डाचा तिसरा हात असतो आणि त्याच्याशिवाय रात्र निभत नाही. केस विंचरणे, कूस बदलायला मदत करणे, तपासणीनंतर भरवणे ही कामे ते मायेने करतात. पण सलाईनचे चाक आणि ऑक्सिजनचा खटका यांना हात लावायचा नाही, हे दाखल होतानाच, हात जोडून का होईना, सांगावे लागते. बाटली लवकर संपली की माणूस लवकर बरा होईल, या समजुतीने चाक पूर्ण उघडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. अग्रक्रम लावण्यात आपण जितके तरबेज होतो, तितकी काही कामे कायमची शेवटी ढकलली जातात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंड स्वच्छ करणे, उठवून चार पावले चालवणे, शेजारी बसून बोलणे, यांपैकी एकही काम कोणत्याही एका क्षणी तातडीचे नसते. म्हणून ते प्रत्येक क्षणी मागे राहते, आणि तीन पाळ्यांनंतर माकडहाडावर कातडी लाल झालेली दिसते, म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात. बिएट्रिस कॅलिश या संशोधिकेने २००६ मध्ये या राहून जाणाऱ्या कामांना ‘राहिलेली शुश्रूषा’ अशा अर्थाचे नाव देऊन त्यांचा अभ्यास केला, तेव्हा अमेरिकेतील परिचारिकांनी अशीच कामे सांगितली. निर्णय प्रत्येक वेळी बरोबर होता आणि तरीही रुग्णावर अन्याय झाला, असे इथे घडते.

अशा वेळी मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांची आठवण होते. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळपास ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. पिढ्या बदलल्या, त्यांना कधी काम करताना न पाहिलेल्या मुली रुजू झाल्या, आणि त्या सर्वांनी त्यांना अशा निगुतीने सांभाळले की इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयासमोरही झाला. २०११ च्या त्या निकालातील दयामरणाच्या प्रश्नावर लोकांची मते वेगवेगळी आहेत आणि असू द्यावीत. माझ्या डोळ्यांसमोर येते ते एवढेच की त्या चार दशकांतल्या कोणत्याही दुपारी त्या खाटेपेक्षा तातडीचे काम त्या वॉर्डात नक्कीच असणार, आणि तरीही कोणीतरी वेळेवर जाऊन त्यांची कूस बदलली.

त्यावरून मी माझ्या वॉर्डात एक नियम केला आहे. जे काम दोनदा मागे राहिले, ते तिसऱ्या वेळी सर्वांत आधी होईल. फक्त कोणाचा श्वास किंवा रक्तस्राव आड आला तरच ते पुढे ढकलले जाईल. थांबवलेल्या माणसाचा क्रमांक थांबण्याने वर सरकला पाहिजे, नाहीतर शांत आणि स्थिर असणे हीच त्याची शिक्षा होते.

थांबवले जाते ते कधी कधी उत्तरही असते. चांदवडकडच्या एका आजींना पोटाचा कर्करोग होता आणि मुलाने सर्वांना बजावले होते की आईला काही सांगायचे नाही. असे सांगणाऱ्या मुलांविषयी मला कधीच राग येत नाही. ती घाबरलेली असतात. एका रात्री दोन वाजता आजींनी माझा हात धरला आणि विचारले, “सिस्टर, मला कॅन्सर नाही ना झालेला?” माझ्यासमोर दोन सोपे मार्ग होते. खोटे सांगून त्यांना झोपवणे हा एक, आणि त्या क्षणी सगळे सांगून टाकणे हा दुसरा. निदान प्रथम सांगण्याचा अधिकार माझा नव्हता, आणि खोटे बोलण्याचा अधिकार कोणाचाच नव्हता. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारले, “आजी, तुम्हाला काय वाटतंय?” त्या बराच वेळ बोलल्या. शेतीची वाटणी करायची होती, धाकट्या मुलीला माहेरी बोलवायचे होते, आणि यांतले काही राहून जाऊ नये एवढीच त्यांची काळजी होती. मी म्हणाले, “सकाळी डॉक्टरांना मी सांगते की तुम्हाला सगळं खरं जाणून घ्यायचंय.” सकाळी राउंडच्या आधी मी डॉक्टरांना आजींचे शब्द जसेच्या तसे सांगितले, त्यांनी मुलाला बाजूला घेऊन समजावले, आणि दुपारी मुलाच्या उपस्थितीत आजींना सांगण्यात आले. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ पासून चालत आलेल्या आपल्या आचारसंहितेत परिचारिकेची पहिली बांधिलकी सेवेची गरज असलेल्या माणसाशी आहे, असे म्हटले आहे. मुलाची भीती मला कळत होती, पण त्या खाटेवर आजी होत्या.

हे सारे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की परिचारिकेकडे विवेक असला की दोघींनी ३४ रुग्ण सांभाळणे शक्य आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे आणि आमची ती रात्र सतरा रुग्णांमागे एक अशी होती. लिंडा आयकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून २००२ मध्ये दाखवून दिले की परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत जातो, तशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची तीस दिवसांत मृत्यू पावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढत जाते. त्या पहाटे मी दाराजवळच्या खाटेकडे वेळेवर पोहोचले, याचे मला समाधान आहे. पण माझ्याकडे अजून एक परिचारिका असती, तर नऊ नंबरच्या बाईंना तीन सुया टोचाव्या लागल्या नसत्या. मनुष्यबळ मागताना मी हाच पुरावा पुढे ठेवते, आणि तो पुढे ठेवता यावा म्हणूनच आता वॉर्डात एक वेगळी वही आहे.

पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, देऊन झाली की त्या वहीत फक्त जे राहिले ते लिहायचे. का राहिले, त्या वेळी आपण कोणाकडे होतो आणि पुढच्या पाळीने आधी काय करायचे, एवढेच. सुरुवातीला मुली लिहायला घाबरत होत्या, आपल्याविरुद्ध पुरावा होईल असे त्यांना वाटत होते, म्हणून पहिला महिनाभर फक्त मीच लिहीत होते. गेल्या मंगळवारी सकाळी वही उघडली, तेव्हा रात्रपाळीच्या मुलीच्या अक्षरात शेवटची नोंद होती: “खाट १७, पहाटे चारची कूस बदलणे राहिले, खाट ५ ला फिट आली होती. साडेपाचला बदलली. माकडहाडावर लाली आहे, बोटाने दाबल्यावर पांढरी होते. साडेसातला पुन्हा बदलावी, आधी हिच्याकडे जावे.” घड्याळात सात पंचवीस झाले होते. मी मावशींना हाक मारली आणि आम्ही दोघी सतरा नंबरकडे गेलो.